मागच्या चाकांच्या साखळ्या

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी, बाहेर बारा अंश तापमान आणि अंगात नुसता टी-शर्ट असताना, मी इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या घरासमोर रस्त्यावर उताणा पडून, बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून असतात त्या लोखंडी साखळ्या गाडीच्या चाकांना लावत होतो. बर्फ नव्हता. येणारही नव्हता. कुंडीतल्या गुलाबाला चक्क कळी आली होती. तरी मी लावत होतो, आणि तेही घाईघाईने, कारण दुपारी अडीचला हिथ्रोवर बाबांचं विमान उतरणार होतं आणि त्याआधी त्या साखळ्या चार हिवाळे वापरल्यासारख्या दिसायला हव्या होत्या.

मी मुळात खोटारडा माणूस नाही. ऑफिसात मी लोकांच्या पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळतो, तिथे थापा मारून भागत नाही. पण बाबांच्या बाबतीत माझा तोल गेला आणि एकदा गेला तो सावरलाच नाही.

बाबा म्हणजे नागपूरच्या एसटी वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस, शेवटची अकरा वर्षं फोरमन. बस फाटकातून आत वळली की आवाजावरून सांगायचे, डावीकडचं बेअरिंग गेलंय. माणसांचंही तसंच. दहावीच्या सुट्टीत मी त्यांची स्कूटर गुपचूप नेली, खांबाला ठोकली आणि कुणीतरी धडक देऊन पळालं असं सांगितलं. बाबांनी ओरखड्यावरून एकदा बोट फिरवलं आणि बावीस दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एकाच टेबलावर जेवायचो. ते आईला म्हणायचे, "त्याले सांग, मीठ इकडे दे." मी मीठ द्यायचो. ते आईला म्हणायचे, "त्याले सांग, पोचलं."

साखळ्या त्यांनीच घेतल्या होत्या. दोन हजार अठरा साली आमच्या उर्वीच्या जन्माच्या वेळी आईबाबा इथे आले होते आणि नेमका तेव्हा रीडिंगमध्ये दोन दिवस बर्फ पडला. सगळा देश ठप्प झाला. बाबा खिडकीत उभे राहून म्हणाले, "एवढुशा बर्फात गाड्या थांबवून ठेवल्या? ह्यांच्या डेपोत कोणी फोरमन आहे का नाही?" आणि त्यांनी शेजारच्या कीथच्या सल्ल्याने स्नो चेन्स मागवल्या. पार्सल आलं त्या दिवशी रस्त्यावर नुसतं पाणी होतं. बाबांनी पिशवी न उघडताच डिकीत ठेवली. "राहू दे. लागल तेव्हा लागल."

लागल्या कधीच नाहीत. त्यानंतर आमच्या रस्त्यावर बर्फ पडला तो सकाळी आठला येऊन दहाला जाणारा. पण दर दसऱ्याला बाबा व्हिडिओ कॉलवरून गाडीची पूजा करून घ्यायचे आणि साखळ्यांचीही. वर्कशॉपची सवय, हत्यार आहे तर त्याची पूजा झालीच पाहिजे. "पिशवी उघड," ते म्हणायचे. "ग्रीस आहे बाबा, हात खराब होतील," असं सांगून मी वरूनच हळदकुंकू वाहायचो. आठ दसऱ्यांत ती निळी पिशवी एखाद्या देवळाच्या पायरीसारखी दिसायला लागली होती. आतलं सील मात्र जसंच्या तसं.

मग आई गेली. नागपूरचा फोन तोवर आईच चालवायची. मी बोलायचो आईशी आणि शेवटी ती म्हणायची, "हे बघ, बाबांना देते," आणि बाबा म्हणायचे, "हौ, बरं आहे, ठेवतो." आता मधली आईच नव्हती. दर रविवारी मी फोन लावायचो.

"जेवलात का?"

"हौ."

"बीपीची गोळी?"

"घेतली. तू?"

"मी मजेत."

"बरं."

यापुढे काय बोलायचं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मागे कूलर किंवा पंखा फिरत राहायचा. मग कुणीतरी एकजण ठेवायचा.

अशाच एका जानेवारीतल्या रविवारी, फोन ठेवता ठेवता बाबांनी विचारलं, "काय रे, बर्फ-गिर्फ?" आणि मी, बाहेर रिमझिम पाऊस पडत असताना, का कोण जाणे, म्हणालो, "हो ना. कालपासून पडतोय."

"साखळ्या लावल्या?"

"लावल्या."

"कोणत्या चाकांले?"

"मागच्या," मी म्हणालो. बसला मागच्या चाकांना लावतात हे कुठेतरी पाहिलेलं आठवलं म्हणून.

पलीकडे जरा शांतता होती. मग बाबा म्हणाले, "किती वेळ लागला?" आणि पुढे मी काय काय सांगितलं ते मला आज आठवत नाही. एवढं आठवतं की फोन ठेवला तेव्हा माझा चहा गार झाला होता.

तिथून ते सुरू झालं. पहिल्या हिवाळ्यात बर्फ घोट्याइतका होता, दुसऱ्यात गुडघ्याइतका. तिसऱ्यात मी कीथच्या बायकोला तिच्या दुखऱ्या दातासकट डेंटिस्टकडे पोचवलं. गेल्या वर्षी बर्फ कमरेपर्यंत गेला आणि मी माझ्या छोट्या हॅचबॅकने एक डबल डेकर बस ओढून चढावर नेली. हे बोलून गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. बाबा मात्र गंभीरपणे म्हणाले, "पॅसेंजर किती होते?"

"रिकामी होती."

"मग जमन."

आणि मग या डिसेंबरात ते म्हणाले, "जानेवारीत येऊन राहिलो. महिनाभर. त्या साखळ्या पाहतो. कड्यांची झीज पाहिली की समजते, किती चालल्या अन् कशावर चालल्या."

मी माझ्या बायकोला, देवयानीला, तेव्हा पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"डबल डेकर?"

"रिकामी होती."

"यतीन, तू चाळीस वर्षांचा आहेस. सरळ सांगून टाक त्यांना. हसतील आणि सोडून देतील."

"तुला बाबा माहीत नाहीत. बावीस दिवस बोलले नव्हते, आणि तेव्हा निरोप न्यायला आई होती. आता बोलणं बंद केलं तर संपलंच."

हे मी चेष्टेत बोलायला गेलो होतो पण आवाज भलताच निघाला. देवयानीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरी उचलली. "बर्फ नसताना चेन्स लावून रस्त्यावर गाडी चालवली तर इथे फाइन होतो, एवढं लक्षात ठेव," ती म्हणाली. टेबलावर गृहपाठ करत बसलेल्या उर्वीने डोकं वर काढलं. "बाबा, यू लाइड टू आजोबा? फोर इयर्स? आजोबा खूप रागावणार आहे. त्याची मिशी पण रागावणार आहे."

तर त्या शनिवारी मी सील फोडलं. साखळ्या लग्नातल्या दागिन्यांसारख्या चकाकत होत्या. आठ वर्षं पूजा झालेली आणि एक दिवसाचं काम नाही. आदल्या दिवशी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्या असत्या तर निदान गंज तरी चढला असता, पण ते सुचलं आता. उपाय एकच होता. लावायच्या, घराभोवतालच्या चौकोनी रस्त्यावर पाच-सहा फेऱ्या मारायच्या, डांबरावर घासून घ्यायच्या, काढायच्या, पिशवीत भरायच्या आणि बाबांना आणायला निघायचं.

पाऊण तास खटपट करून मी त्या लावल्या. मागच्या चाकांना. बाबांना मागच्या सांगितल्या होत्या ना.

गाडी हलली तेव्हा जो आवाज झाला तसा आवाज आमच्या रस्त्याने आजवर ऐकला नसावा. भांड्यांनी भरलेलं कपाट जिन्यावरून ढकलत न्यावं तसं ते खणाणत होतं, आणि ताशी पाच मैलांच्या वेगाने. पडदे बाजूला झाले. कीथ आपल्या दारात येऊन उभा राहिला.

कीथबद्दल एक सांगायला हवं. तो पंचाहत्तरीचा आहे, कुंपण फार छान कापतो आणि मी हवामान खात्यात आहे असं गेली नऊ वर्षं समजतो. रीडिंगमध्ये हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांची एक मोठी संस्था आहे. माझं पगाराचं सॉफ्टवेअर बनवणारं ऑफिस तिच्या शेजारी आहे आणि कीथने मला तिथल्या बस स्टॉपवर पाहिलंय. मी दोनदा दुरुस्ती केली. तो दोन्ही वेळा "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स" म्हणून डोळा मिचकावून गेला, जणू मला गुप्ततेची शपथ आहे.

त्याने हात वर करून मला थांबवलं. या देशात कुणाला "हे काय चालवलंयस?" असं तोंडावर विचारायची पद्धत नाही. तो चाकांकडे बघत, आभाळाकडे बघत, अगदी सहज म्हणाला, "एक्स्पेक्टिंग समथिंग, आर वी?"

मी काय सांगणार होतो? माझे वडील येतायत आणि मला त्यांच्यापुढे चार हिवाळे उभे करायचेत? घाम पुसत मी म्हणालो, "वेल, कीथ, यू नेव्हर नो."

त्याचा चेहरा पडला. "राइट," तो म्हणाला. "अंडरस्टूड." आणि आत गेला.

दुसऱ्या फेरीत तो फावडं घेऊन बाहेर उभा होता. तिसऱ्या फेरीत चौदा नंबरची शर्ली दोन्ही हातांत ब्रेडच्या लाद्या घेऊन जवळजवळ पळत घरी चालली होती. मी काच खाली करून सांगणार होतो की बाई, तसं काही नाही, पण तिनेच मान हलवून मला "थँक यू, लव्ह, थँक यू" म्हटलं. तेवढ्यात माझ्या फोनवर आमच्या रस्त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप टणटणायला लागला. पहिला मेसेज कीथचा होता: 'काही सांगू शकत नाही. पण यतीनने चेन्स लावल्या आहेत.' खाली सतरा उत्तरं. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध संपल्याची बातमी होती. कुणी विचारलं होतं, सोमवारी शाळा असेल का. कुणी लिहिलं होतं की बीबीसी हे आपल्यापासून लपवतेय.

मी थांबायला हवं होतं, मान्य. पण दोन कड्यांवरची चकाकी नुकती कुठे जायला लागली होती.

चौथ्या की पाचव्या फेरीला रस्त्याच्या टोकाची, बर्फ वितळायला टाकायच्या मिठाची पिवळी पेटी लोकांनी उघडली. ती रिकामी होती. कौन्सिलबद्दल, म्हणजे इथल्या नगरपालिकेबद्दल, बरंच बोललं गेलं. मग घराघरांतून डिशवॉशरच्या मिठाचे पुडे निघाले आणि लोकांनी उत्तम शिस्तीत, रांगेने, एकमेकांना सॉरी म्हणत, रस्ताभर पांढरंशुभ्र मीठ पसरलं. एका लहानग्याला त्याच्या आईने बर्फातला जाडजूड सूट घालून बाहेर आणलं होतं. तो स्लेजवर बसून घामाघूम होऊन आभाळाकडे पाहत होता. आभाळ निळं होतं.

सहाव्या फेरीत घराच्या अगदी समोर, मागून 'खाड्' असा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी अडकली. डावीकडची साखळी सैल होऊन चाकाच्या आतल्या अंगाला गुंडाळली गेली होती. मी ओढली. ढकलली. पाना घेऊन ठोकली. ती हलेना. दीड वाजले.

देवयानी दारात आली. तिने पांढऱ्या रस्त्याकडे पाहिलं, फावडी घेतलेल्या लोकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मी आणि उर्वी टॅक्सीने जातो," ती म्हणाली. "तू इथेच थांब आणि आणखी काही करू नकोस."

अडीच तास मी त्या गाडीखाली होतो. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात वाईट अडीच तास होते, असं आज बिनदिक्कत म्हणतो. खाली पडल्या पडल्या मी मनात बाबांशी बोलत होतो. बाबा, चुकलं. बाबा, मला दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं हो. दर वेळी पुढचं वाक्य नागपूरच्या त्या जेवणाच्या टेबलापाशी जाऊन अडायचं. त्याले सांग, मीठ इकडे दे.

टॅक्सी आली तेव्हा उजेड कमी व्हायला लागला होता. गाडीखालून मला आधी बाबांचे पाय दिसले. पायांत गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट होते. नागपूर ते मुंबई, मुंबई ते लंडन, हा माणूस गमबूट घालून आला होता.

मी सरपटत बाहेर आलो. बाबा आई गेली तेव्हापेक्षा बारीक झाले होते. कानटोपी, त्यावर मफलर, अंगात दोन स्वेटर. मी पाया पडायला वाकलो तर ते म्हणाले, "थांब, हात काळे आहेत तुझे." मग स्वतःच वाकले, रस्त्यावरची पांढरी चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली.

"मीठ आहे," ते म्हणाले.

बाबा गाडीला एक फेरी मारून मागच्या चाकांपाशी थांबले. गमबुटातल्या पायांनी सावकाश उकिडवे बसले. एका कडीवर अंगठा फिरवला, मग दुसऱ्या. पस्तीस-चाळीस घरांचा रस्ता फावडी टेकवून बघत उभा होता. उर्वी माझा हात घट्ट धरून होती. स्कूटरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं होतं, अगदी तसाच. झालं, मला वाटलं. संपलं.

तेवढ्यात कीथ पुढे आला. त्याच्यामागे शर्ली, तिच्यामागे बाकीचे. नम्रपणे, पण आता जरा चिडून, त्याने विचारलं की ते नेमकं कधी येतंय, कारण चार तास झाले आणि आकाशात एक ढग नाही, आणि लोकांना चहासाठी दूध उरलेलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बाबा गुडघ्यावर हात देऊन उठले. त्यांनी कीथकडे पाहिलं, फावड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग वर्कशॉपमधल्या सकाळच्या हजेरीचा तो जुना आवाज काढून म्हणाले, "धिस इज ड्रिल!"

"ड्रिल?" कीथ म्हणाला.

"मॉक ड्रिल. स्नो नॉट कमिंग. बट समडे कमिंग! दॅट डे यू आर रेडी ऑर नॉट रेडी? टुडे माय सन इज चेकिंग. साल्ट, गुड. शॉवेल, गुड. क्यू, व्हेरी गुड." त्यांनी स्लेजवरच्या घामाघूम पोराकडे बोट दाखवलं. "ही इज बेस्ट."

आणि त्या रस्त्याचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. इंग्रज माणसाला तुम्ही उल्लू बनवलंत तर तो आयुष्यभर विसरणार नाही, पण त्याची ड्रिल घेतलीत आणि तो पास झाला म्हणालात तर तो तुमचा. कीथने ताठ उभं राहून बाबांशी हात मिळवला. "व्हेरी सेन्सिबल," तो म्हणाला. शर्ली म्हणाली, मला वाटलंच होतं.

बाबांनी मफलर देवयानीकडे दिला. "जॅक आण," मला म्हणाले. "अन् तो छोटा पाना. हा नाही बे, तो." दहा मिनिटांत साखळी सुटली. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. दोन्ही साखळ्या खांद्यावर टाकून ते गाडीच्या पुढच्या बाजूला गेले, बॉनेटवर थाप मारली आणि जमलेल्या सगळ्यांना ओरडून म्हणाले, "इंजिन पॉवर गोइंग व्हेअर? फ्रंट! सो चेन गोइंग व्हेअर?"

"फ्रंट," रस्ता म्हणाला.

"लाउडर!"

"फ्रंट!"

हे चाललं असताना त्यांनी फक्त एकदा, अर्धा क्षण, माझ्याकडे पाहिलं. मग कीथला हाताला धरून साखळी लावायला शिकवलं, शर्लीलाही शिकवलं. शेवटी तिळाच्या वड्यांचा डबा फोडून सगळ्यांना दोन दोन वाटल्या. शर्लीने बदल्यात तीन लाद्या ब्रेड दिला. लोक मीठ तुडवत घरी गेले.

आम्ही चौघं आत आलो. चहा झाला. बाबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर साखळ्या ठेवल्या आणि जुन्या बनियनच्या फडक्याने एकेक कडी पुसायला लागले. देवयानी उर्वीला घेऊन वर गेली. मी समोर बसलो. हे टेबल त्या टेबलापेक्षा लहान होतं.

"डांबरावर घासल्या," बाबा म्हणाले. "बर्फाची झीज अशी नसते. सहा-सात फेऱ्या मारल्या असशील."

"सहा." मी खुर्ची पुढे ओढली. "बाबा, मी खोटं बोललो. चारही वर्षं. एकदाही बर्फ नव्हता. ती डबल डेकर..."

"ते राहू दे. मले माहीत होतं."

"आज कळलं ना, झीज बघून?"

"पहिल्याच रविवारी. मागच्या चाकांले लावल्या म्हणाला तू. तुझी गाडी पुढच्या चाकांवर ओढते. मागं साखळ्या लावून काय पूजा करायची?" त्यांनी कडी उजेडात धरून पाहिली. "अन् मोबाइलवर रीडिंगचं टेंपरेचर दिसते मले. नऊ, दहा, अकरा. तुझ्या बर्फाच्या दिवशी म्या शून्य एकदाही नाही पाहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी पुढची कडी पुसायला घेतली.

"तुझी आई गेल्यावर तू फोन करायचा. जेवले का, गोळी घेतली का, बरं. चाळीस सेकंद. फोनवर आकडा येते ना शेवटी, मी दर वेळी पाहायचो. एकदा अडतीस होता. अन् त्या दिवशी बर्फ पडला अन् तू सत्तावीस मिनिटं गोष्टी केल्या माझ्याशी." त्यांनी फडकं उलटं केलं. "तुले तिथंच पकडलं असतं तर पुन्हा चाळीस सेकंद. म्हणून मी विचारत गेलो, पॅसेंजर किती होते."

चार वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना गुंगवतोय. दर रविवारी तो कसलेला फोरमन, ज्याने उभ्या आयुष्यात कुणाची थाप खपवून घेतली नाही, माझी भंगार थाप धक्का मारून मारून चालू ठेवत होता. मी टेबलावर डोकं टेकवलं आणि रडलो.

"मग हे गमबूट?" जरा वेळाने मी नाक पुसत विचारलं.

"कमरेइतका म्हणाला होता ना तू. साधे बूट घालून आलो असतो तर तुले वाटलं असतं, बाबांचा विश्वास नाही." त्यांनी पाय पुढे करून गमबुटांकडे पाहिलं. "विमानात पाय भल्ले सुजले बाप्पा."

"आणि दहावीत बावीस दिवस बोलला नाहीत ते? स्कूटरच्या वेळी?"

"तेव्हा तू घरातच होता," बाबा म्हणाले. "बोललो नाही तरी दिसत होता."

बाबा महिनाभर राहिले. बर्फ पडला नाही. कीथ दर मंगळवारी त्यांना घेऊन रस्त्याची पाहणी करायचा. फेब्रुवारीत ते परत गेले तेव्हा विमानतळावर मी त्यांना म्हणालो, आता रोज फोन करीन, खरं काय ते बोलीन. ते म्हणाले, "हौ." आणि मी केलेही. खरं बोललो. ऑफिसचं बोललो, उर्वीच्या शाळेचं बोललो, गुडघा दुखतो तेही बोललो. तीन मिनिटं. कधी चार. खरं बोलायचं म्हटलं की आम्हा दोघांचंही लवकर संपतं, त्याला काय करणार?

मेच्या शेवटच्या रविवारी इथे छान ऊन पडलं होतं. कीथ उघड्या अंगाने कुंपण कापत होता. नागपूरला सेहेचाळीस अंश होते, मी मोबाइलवर पाहिलं होतं. मी फोन लावला. पलीकडे कूलरचा घरघराट, त्यात बाबांचा आवाज लांबून आल्यासारखा.

"जेवलात?"

"हौ."

"गोळी?"

"घेतली."

कूलर घरघरत राहिला. मी बागेतल्या खुर्चीवर नीट मागे सरकून बसलो.

"बाबा," मी म्हणालो, "इकडे कालपासून फार बर्फ पडतोय. कमरेच्या वर गेलाय. साखळ्या लावाव्या लागल्या. पुढच्या चाकांना."

"थांब थांब," बाबा म्हणाले. "कूलर बंद करून येतो. नीट ऐकू येऊन नाही राहिलं."